कोकणात घडणारा सूडपट: पहिली पटकथा लिहिणाऱ्यांसाठी

सूडपट हाणामारीत फसल्यासारखा दिसतो, पण बहुधा तो त्याच्या बराच आधी फसलेला असतो. नायकाचं नेमकं काय गेलं आणि ते कशाने भरून निघणार, हे लेखकालाच ठाऊक नसलं की पुढची प्रत्येक मारामारी नुसती धावपळ होते. म्हणून या लेखात मारामारी सहाव्या पायरीवर येते. आधीच्या पाच पायऱ्या टाळून थेट तिथे उडी मारू नका.

समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित कथा शेवटपर्यंत सोबत ठेवू. रत्नागिरीजवळचं एक बंदर. पावसाळी मासेमारीबंदीत, जूनमध्ये, मालक आपला ट्रॉलर रात्री गुपचूप समुद्रात पाठवतो. बोट बुडते. तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि तीन खलाशी जातात. खलाशांचे मृतदेह सापडतात, तांडेलाचा सापडत नाही. मालक गावात सांगतो, "तांडेलानेच माझ्या नकळत बोट काढली." तांडेलाची धाकटी बहीण बर्फ कारखान्यात हिशेब लिहिते. सूड तिला घ्यायचा आहे.

लिहायला बसण्याआधी जवळ ठेवा

- कथेच्या महिन्याचं पंचांग आणि जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक
- गावाचा हाताने काढलेला नकाशा: जेट्टी, पाखाड्या (पायऱ्यांच्या दगडी वाटा), देऊळ, खाडी, आणि एका जागेहून दुसरीकडे चालत जायला लागणारी मिनिटं
- दोन रकान्यांची वही: डावीकडे "गेलं", उजवीकडे "वसूल"
- जखमांचा तक्ता (सहाव्या पायरीत सांगितलाय)
- कथेचं साल. महिन्यासकट.
- संवाद वाचून दाखवायला त्याच बंदरावरचं एक माणूस

१. काय गेलं, याची यादी करा

"भावाचा जीव गेला" एवढ्यावर पूर्ण लांबीचा चित्रपट उभा राहत नाही. मृत्यूच्या सावलीत आणखी काय काय गेलं ते शोधा. आपल्या कथेत डावा रकाना असा भरेल:

भाऊ गेला. त्याचं नाव गेलं, कारण तीन खलाशांच्या घरची माणसं आता त्यालाच दोष देतात. नुकसानभरपाई गेली, कारण १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात यांत्रिक बोटीने मासेमारीला जाऊन अपघात झाला तर सरकारी मदत मिळत नाही. आणि मृतदेह नसल्याने भाऊ कागदावर मेलेलाही नाही. बेपत्ता माणूस मृत मानायला कायद्यात सात वर्षांची मुदत आहे. वहिनीला बँकेत, तलाठ्याकडे, प्रत्येक खिडकीवर हेच उत्तर मिळणार.

ही चौथी नोंद नीट पाहा. तिच्यात एकही ठोसा नाही, पण प्रेक्षकाचा संताप इथेच पेटतो. सूडपटातला राग कचेरीच्या बाकावर बसवून वाढवता येतो, हे नवे लेखक विसरतात आणि चार वेळा रक्त दाखवतात.

अन्याय पटकथेच्या पहिल्या पंधरा पानांत घडू द्या. (साधारण एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट.) मात्र त्याआधी भाऊ-बहिणीला निदान दोन दृश्यं एकत्र द्या, आणि त्यात त्यांना काम करताना दाखवा: जाळं तुणताना, बर्फाच्या लाद्या मोजताना, पैशावरून कुरकुरताना. वाढदिवसाचा केक आणि समुद्रकिनाऱ्यावरचं गाणं नको. त्यावरून प्रेक्षक पुढचा मृत्यू लगेच ओळखतो आणि मनाने दूर जातो.

२. दोन वसुल्या एकमेकींच्या आड येऊ द्या

माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच.

उजव्या रकान्यात फक्त "मालकाला मारणे" असेल तर कथा सरळ रेषेत धावते आणि साठाव्या पानावर दमते. आपल्या नायिकेला दोन गोष्टी हव्यात: मालकाचा जीव, आणि भावाचं नाव साफ. मालक मेला तर सत्य सांगणारा उरत नाही, भाऊ कायमचा चोर ठरतो. मालक जिवंत ठेवून त्याच्याकडून कबुली घ्यायची, तर तो जिवंत राहतो. एक हिशेब मिटवला की दुसरा बुडतो. आता प्रत्येक हाणामारीत तिला मारायचंही आहे आणि मारायचं नाहीही. ताण आपोआप येतो, पार्श्वसंगीताकडून मागावा लागत नाही.

तुमच्या कथेला ही कसोटी लावा: नायकाच्या हातात संधी आली आणि त्याने ती लगेच वापरली, तर त्याचं काही कायमचं बुडतं का? उत्तर "नाही" असेल तर उजवा रकाना पुन्हा लिहा.

३. खलनायकाला गावात मान द्या

जीपमधून उतरून गॉगल काढणारा सावकार आता कुणालाच घाबरवत नाही. कोकणातल्या गावात माणसाची ताकद मानपानात असते. आपला मालक मच्छीमार सहकारी संस्थेत वजन राखून आहे, शिमग्यात पालखी आधी त्याच्या अंगणात थांबते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करायचा मान त्याचा. निम्म्या वाडीला त्याने आगाऊ उचल दिलेली आहे. त्याच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे पुढच्या हंगामाचं काम गमावायचं. गाव गप्प का आहे, याचं कारण प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. गावकऱ्यांना नुसतं भित्रं दाखवू नका.

आणि त्याची बाजू त्याच्या तोंडून खरी वाटली पाहिजे. कर्जाचा हप्ता थकलाय, बाहेरच्या बोटी बंदीतही मासळी ओढून नेतात, एक फेरी झाली असती तर चार घरं तरली असती. तो हे मनापासून मानतो. त्याच्या वाक्यावर प्रेक्षकाने क्षणभर मान डोलावली तर खलनायक जमला.

४. नायिकेचं कसब तिच्या कामातून काढा

लष्करी प्रशिक्षण, अचानक आठवलेली कराटे, शहरातला गूढ भूतकाळ यांतलं काही नको. बर्फ कारखान्यात काम करणाऱ्या, तांडेलाच्या घरात वाढलेल्या बाईला काय येतं? लाद्या ओढायचा आकडा हाताळता येतो. गाठी येतात. ओल्या जेट्टीवर पाय कसा रोवायचा ते ठाऊक आहे. पाणी कधी चढेल ते ती न पाहता सांगते. कुठली बोट कधी किती बर्फ उचलते हे तिच्या वहीत आहे.

यातलं जे शेवटी वापरणार, ते पहिल्या तीस पानांत एकदा साध्या कामात दाखवा. दोनदा नको, प्रेक्षकाला कळतं.

एक चूक वारंवार होते. स्त्रीपात्र सूडाला निघालं की ते दहा धडधाकट खलाशांना हातांनी लोळवतं. प्रेक्षक ते मानत नाही, आणि गरजही नसते. तिने जागा आणि वेळ निवडावी, एका वेळी एकच माणूस समोर घ्यावा, आणि काम झालं की पळावं.

५. समुद्राचं घड्याळ बसवा

थराराला मुदत लागते. बॉम्बचा काटा उसना आणू नका, कोकणाच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी, ती पुरेशी आहे.

किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं साधारण पाऊण ते एक तास पुढे सरकतं. ठोकताळा मोटामोटी आहे, चित्रीकरणासाठी छापील कोष्टकच पाहा. पण पटकथेत चूक टाळायला तो पुरतो.

आता हे शेवटच्या प्रसंगाला लावा. आपला शेवट नारळी पौर्णिमेच्या रात्री, जेट्टीपासून आत पाण्यात असलेल्या खडपावर, म्हणजे खडकावर. त्या दिवशी संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला पाणी सर्वांत खाली, खडपापर्यंत चालत जाता येतं. रात्री सव्वाअकराला उधाणाची भरती, खडप पाण्याखाली. मधे सहा तास. पाणी या सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात सुमारे एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे साडेसात ते साडेनऊ या दोन तासांत निम्मं पाणी येतं. झटापट तिथेच ठेवा. त्याआधीच्या दोन तासांत बोलणं, धमकी, कबुलीचा सौदा. "अजून वेळ आहे" असं मालकाला वाटतं, आणि तिला ठाऊक असतं की वेळ उरलेला नाही.

रत्नागिरीकडे उधाणाला पाणी साधारण दोन मीटर चढतं. मुंबईकडे त्याहून बरंच जास्त, दक्षिणेला कमी होत जातं. मुंबईचे आकडे मालवणच्या कथेत वापरू नका. श्रावणात आकाश ढगाळ असतं, तेव्हा पूर्ण चंद्रप्रकाश गृहीत धरून दृश्य लिहू नका. विजेरी, बोटीचा दिवा, देवळावरची रोषणाई यांतून उजेड काढा.

इतर घड्याळंही आहेत. फेरीबोट: दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळला शेवटची फेरी चुकली की खाडीला मोठा वळसा. पावसात घाटात दरड. मांडवी एक्सप्रेससारखी रोजची रेल्वे. पण एका चित्रपटात एक मोठं घड्याळ पुरे.

६. हाणामारी: थोडी, महागडी, जागेला चिकटलेली

दोन तासांच्या चित्रपटाला चार मोठ्या मारामाऱ्या भरपूर झाल्या. वीस-पंचवीस मिनिटांच्या लघुपटाला एक. प्रत्येकीच्या आधी कागदावर चार ओळी लिहा: तिला इथून काय न्यायचं आहे, जागा तिला काय करू देत नाही, संपल्यावर तिचं काय मोडलेलं असेल, आणि प्रेक्षकाला कुठली नवी गोष्ट कळेल. चौथी ओळ कोरी राहिली तर ती मारामारी काढून टाका, कितीही देखणी असली तरी.

*जागा.* कोकण इथे हात भरभरून देतं. खाडीकाठच्या चिखलात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, धावणं संपतं, पाठलाग विचित्र संथ आणि भयानक होतो. कांदळवनात चिखलातून वर आलेली श्वसनमुळं अनवाणी पायाला टोचतात आणि पडलेल्याला सोडत नाहीत. पावसातल्या पाखाडीवर शेवाळ असतं, वरचा माणूस खालच्याहून जास्त धोक्यात असतो. चिरेखाणीच्या (जांभा दगडाच्या खाणीच्या) भिंती सरळ कापलेल्या, चढायला धर नाही, शिरायची वाट एकच. सड्यावर (उघड्या कातळी पठारावर) मैलभर आडोसा नाही. माजघरात छत खाली आणि अंधार, लांब हत्यार फिरत नाही. बर्फ कारखान्यात लाद्या फोडणाऱ्या यंत्राचा आवाज इतका की हाक ऐकू येत नाही. यांतल्या चार वेगवेगळ्या निवडा, आणि प्रत्येक ठिकाणी मारामारीची रीत बदला.

*हत्यार.* प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल ही दुसऱ्या चित्रपटांची सवय. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक भेटते, कुठे ठासणीचीही. ठासणीची बंदूक म्हणजे एकच बार. पुन्हा दारू, गोळी, गज, टोपी करेपर्यंत मिनिट जातं, आणि पावसात दारू सर्दावली तर बार उडतच नाही. एका बारात जेवढा थरार आहे तेवढा शंभर गोळ्यांत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका बहुतेक पोलीस ठाण्यात जमा होतात, हेही कथेत कामी येतं. बाकी कोयती, वल्हं, दोर, बर्फाचा आकडा.

*दम.* जीव तोडून झटापट केली तर सराव नसलेला माणूस अर्ध्या-एक मिनिटात धापा टाकतो. पाच मिनिटांची मारामारी हवी असेल तर मधे लपणं, सरपटणं, श्वास घेणं लिहा. हे थांबे भीतीचे असतात, ते कापू नका.

*जखमांचा तक्ता.* तीन रकाने: दृश्य, जखम, त्यानंतर काय करता येत नाही. पहिल्या मारामारीत बरगडी मोडली तर ती सांधायला सहा आठवडे लागतात. तोवर खोकताना, हसताना, वजन उचलताना चेहरा बदलणार, पोहणं जवळपास अशक्य. तळहात चिरला तर खारं पाणी झोंबतं, गाठ मारता येत नाही. खांदा निखळलेला माणूस तो हात डोक्यावर नेत नाही. शेवटच्या प्रसंगात तिला नेमकं तेच करावं लागेल जे आधीच्या जखमेने हिरावलंय, अशी मांडणी करा. डावा हात मध्यावर निकामी झाला असेल तर खडपावर दोर एकाच हाताने आणि दातांनी बांधावा लागेल. ही तजवीज तक्ता नसेल तर सुचतच नाही.

पटकथेत ठोशांची जंत्री लिहू नका. ती फाईट मास्टर बसवतील. तुम्ही लिहा: कोण कुठे आहे, कोणाला काय दिसत नाही, कुठल्या क्षणी पारडं फिरतं.

७. फोन, पोलीस आणि कायदा

"पोलिसांत का जात नाही?" हा प्रश्न तिसाव्या पानाच्या आत सोडवा. सगळे पोलीस विकले गेलेत हे उत्तर आळशी आहे. त्यापेक्षा कायद्याची खरी मर्यादा दाखवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. मालकावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा, म्हणजे कलम १०६(१) चा, गुन्हा लागला तर जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा. त्याआधीच्या भारतीय दंड संहितेत, कलम ३०४-अ खाली, दोनच. गुन्हा ज्या तारखेला घडला त्या तारखेचा कायदा लागतो. म्हणून बोट जून २०२४ मध्ये बुडवली तर जुना, जून २०२५ मध्ये बुडवली तर नवा. आजच्या कथेतला फौजदार "तीनशे दोन लावतो" म्हणाला की जाणकार प्रेक्षक हसतो. खुनाचं कलम आता १०३ आहे.

पुरावाही तिथलाच शोधा. बोट निघण्याआधी डिझेल आणि बर्फ भरते. जूनमध्ये बंदर बंद असताना एका रात्री एवढा बर्फ कुणी उचलला? नोंद कारखान्याच्या वहीत आहे.

फोनचं सोपं आहे: घाटात आणि खाडीच्या खोलगट वाड्यांत रेंज जाते, पण ती कुठे जाते हे आधी एकदा दाखवून ठेवा. ऐन वेळी बॅटरी संपवू नका.

८. मध्यावर हिशेब तिच्यावर उलटवा

साठाव्या पानाच्या आसपास सूडाने निरपराध माणसाला दुखवलं पाहिजे, किंवा नायिकेचा स्वतःचा वाटा उघडा पडला पाहिजे. आपल्या कथेत दोन्ही जुळतं. त्या रात्रीचा बर्फ एका हॉटेलच्या नावावर लिहिलेला आहे, आणि अक्षर तिचं आहे. मालकाच्या माणसाने सांगितलं म्हणून, दोनशे रुपयांसाठी, तिने न विचारता लिहिलं होतं. जो पुरावा मालकाला बुडवतो तोच तिलाही गोत्यात आणतो. ती वही लपवते, आणि तेवढ्यात संशय कारखान्यातल्या म्हाताऱ्या यंत्रचालकावर जातो.

भीमाने दुर्योधनाची मांडी फोडली तेव्हा प्रतिज्ञा पुरी झाली, पण गदायुद्धात कमरेखाली वार करायचा नाही हा नियम मोडून. इतक्या पिढ्या झाल्या तरी त्या प्रसंगावर आपल्याकडे वाद होतो. तुमच्या नायिकेचा विजय असा वादाचा ठेवा. तिला आधी देवत्व बहाल केलं तर वाद उरत नाही.

९. बोली

एक बंदर, एक बोली. मालवणी, संगमेश्वरी आणि रायगडच्या कोळ्यांची बोली यांची खिचडी करू नका. हर्णैचा कोळी, गुहागर-रत्नागिरीकडचा खारवी आणि मालवणचा गाबीत एकसारखे बोलत नाहीत. विनोदासाठी बोली आणि गंभीर प्रसंगी पुस्तकी मराठी, ही फोड तर अजिबात नको. शोक त्याच बोलीत लिहा. आणि धमकी कमी शब्दांत: "उद्या जाळं टाकायला येऊ नकोस" एवढं पुरतं.

१०. शेवट

शेवटी दोन वसुल्यांपैकी एक सोडावी लागलीच पाहिजे. दोन्ही मिळाल्या तर दुसऱ्या पायरीची मेहनत वाया. खडपावर पाणी छातीला लागलंय, मालकाचा पाय खडकात अडकलाय, किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला जमलेलं गाव आहे. तीन खलाशांच्या घरच्यांना ऐकू जाईल असं त्याने ओरडून सांगितलं तर ती दोर टाकेल. त्याने सांगितलं. आता ती दोर टाकते का? दोन्ही उत्तरं चालतील, पण पहिल्या पानापासूनची नायिका त्यातलं एकच देऊ शकेल. ते आधी ठरवा आणि उलटं मागे येत लिहा.

दोन सापळे: मेलेला खलनायक पुन्हा उठवणं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत नवा, मोठा सूत्रधार काढणं. दोन्हींनी वहीतला हिशेब खोटा ठरतो.

११. पटकथा झाल्यावर लागणारे कागद आणि परवानग्या

- पटकथेची नोंदणी: मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे, कुणालाही वाचायला देण्याआधी
- मराठी शीर्षकाची नोंद: अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ
- सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा अशा संरक्षित किल्ल्यांवर चित्रीकरण: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण
- जेट्टी, बंदर: महाराष्ट्र सागरी मंडळ
- कांदळवन: वन विभागाचा कांदळवन कक्ष. झाड तोडायचं दृश्य लिहूच नका.
- बैल, कुत्रा, कोंबडा यांपैकी कुणीही पडद्यावर असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी
- ड्रोन: डिजिटल स्काय मंचावर क्षेत्र तपासून
- नकली हत्यारं आणि स्फोटाचे आवाज: स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवणं, ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांनाही

सड्यावर मारामारी ठरवलीत तर जागा आधी चालून पाहा. रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळांवर कातळशिल्पं आहेत, आणि गाडीच्या चाकांनीही ती झिजतात.

हिंसा किती दाखवायची हे पटकथेतच ठरवा. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे झाले आहेत. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) मिळालेला चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही, आणि छोट्या मराठी निर्मात्यासाठी तो पैसा महत्त्वाचा असतो.

पाण्यातली दृश्यं जून ते ऑगस्टमध्ये उघड्या समुद्रात चित्रित करायची नाहीत. पावसाळ्याची कथा असली तरी ती खाडीच्या आतल्या पाण्यात, ओहोटी संपून पाणी थबकलेलं असताना, जीवरक्षक आणि दोन रिकाम्या होड्या शेजारी ठेवून करा. कलाकाराच्या कपड्यांखाली तरंगायला जाकीट मावेल असे कपडे पटकथेतच लिहून ठेवा. खडपावरच्या शेवटच्या प्रसंगासाठी कमरेइतक्या पाण्याची, पायाखाली वाळू असलेली जागा शोधा आणि कॅमेरा खाली ठेवा. पडद्यावर पाणी छातीला लागलेलं दिसतं.